आधी खरा हिशेब द्या : परदेशी शिक्षणाच्या सल्लागारांना खुलं पत्र

डब्लिन, नोव्हेंबर २०२५

पुणे, सोलापूर, लातूर, कोल्हापूर, नाशिक आणि जिथं जिथं 'अब्रॉड एज्युकेशन'ची पाटी लावून तुम्ही बसला आहात, त्या सर्व सल्लागार मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात वडिलांचा फोन आला. ते बार्शीच्या मार्केट यार्डात एका आडत दुकानात दिवाणजी आहेत. तीस वर्षं तूर, ज्वारी, हरभऱ्याच्या पट्ट्या, म्हणजे मालाच्या विक्रीचे हिशेब, लिहितात. म्हणाले, "स्टँडसमोर तुझा फ्लेक्स लागलाय." दुपारी त्यांनी फोटो पाठवला. दहा-बारा फुटांचा फ्लेक्स, मागे हिरवेगार डोंगर, आणि डाव्या बाजूला मी. कान दिसतील असे मागे घेतलेले केस आणि पांढरी पार्श्वभूमी बघून मी तो फोटो लगेच ओळखला. व्हिसाच्या फाइलला लावायला म्हणून तुमच्यापैकी एका कार्यालयात मी सहा प्रती दिल्या होत्या, त्यातलाच हा. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'बार्शीची कन्या, डब्लिनमध्ये डेटा ॲनालिस्ट! पुढचा नंबर तुमचा!' आणि त्याखाली येत्या रविवारच्या सेमिनारची वेळ.

मी डेटा ॲनालिस्ट नाही. माझं मास्टर्स पूर्ण झालंय, चांगल्या गुणांनी झालंय, आणि ऑगस्टच्या अखेरीपासून मी नोकरी शोधते आहे. सध्या मी पेट्रोल पंपाला जोडलेल्या एका दुकानात 'डेली काउंटर'वर, म्हणजे तयार खाणं विकतात त्या काउंटरवर, काम करते. सकाळी साडेसहाला एप्रन बांधून चिकन फिलेट रोल भरायला लागते. ज्या घरात अंडंही शिजत नाही तिथली मी मुलगी, पण ते काम मी शिकले, नीट करते आणि मला त्याची लाज वाटत नाही. मात्र ते काम डेटा ॲनालिस्टचं नव्हे, आणि हे त्या कार्यालयाला ठाऊक आहे. सप्टेंबरमध्ये त्यांनी 'प्लेसमेंट झालं का' असा मेसेज केला होता. 'अजून नाही' असं मी त्याच दिवशी लिहून कळवलं होतं.

फ्लेक्स लागल्यापासून यार्डात लोक वडिलांकडे पेढे मागतायत. खोटं बोलायचं त्यांच्या जिवावर येतं आणि खरं सांगितलं तर लेकीची बदनामी होते असं त्यांना वाटतं. दोन पालक घरी येऊन गेले. त्यातले एक आमच्याच गल्लीतले. त्यांच्या मुलानं जानेवारीच्या प्रवेशासाठी टोकन भरलंय आणि घर तारण ठेवायची कागदपत्रं काढायचं चाललंय. "तुमच्या पोरीचं बघूनच ठरवलं," असं ते वडिलांना म्हणाले.

या वाक्यामुळे मी हे पत्र लिहायला बसले. त्या कार्यालयाला मी आधी ईमेल केला, मग फोन केला. उत्तर आलं नाही. कार्यालयाचं नाव इथं घेत नाही, कारण एकाचं नाव घेतलं की बाकीचे सुटतात. इथं भेटलेल्या मराठी मुलामुलींशी बोलल्यावर एवढं कळलंय की कार्यालयं वेगळी असली तरी हातात पडणारा कागद जवळपास सारखाच असतो.

त्या कागदाबद्दलच बोलायचंय.

निळ्या फोल्डरमध्ये ऑफर लेटरच्या खाली स्टेपल केलेलं एक पान. वर 'अंदाजे खर्च – आयर्लंड' असं शीर्षक. फी २०,००० युरो. राहणं-खाणं महिना ६०० युरो. पार्टटाइम उत्पन्न महिना १,५०० युरो. शेवटच्या रकान्यात शिल्लक, महिना ९०० युरो. वडिलांचा हात हिशेबाचा. त्यांनी तिथंच टेबलावर पेन्सिलनं समासात बारा महिन्यांचा गुणाकार केला, १०,८००, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "फी अर्धी निघती की." समोर बसलेल्या तुमच्या प्रतिनिधींनी मान डोलावली. तो कागद अजून माझ्याकडे आहे, पेन्सिलीचे आकडे थोडे पुसट झालेत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पट्ट्या चोख लिहिणाऱ्या माणसानं त्या एका कागदावर विश्वास ठेवून तीस लाखांच्या कर्जाला सही केली. बँकेनं शेतजमीन तारण घेतली नाही, म्हणून राहतं घर दिलं.

आता त्या कागदातल्या ओळी एकेक करून घेते.

महिना १,५०० युरोचं उत्पन्न. विद्यार्थ्याला आयर्लंडमध्ये राहायचा जो परवाना, 'स्टॅम्प २', मिळतो, त्यावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं. जून ते सप्टेंबर आणि १५ डिसेंबर ते १५ जानेवारी एवढ्याच काळात ४० तासांची मुभा असते. मी सप्टेंबर २०२४ मध्ये आले तेव्हा किमान वेतन तासाला १२.७० युरो होतं. २० तासांचे २५४ युरो होतात, महिन्याचे साधारण ११००. म्हणजे सत्र चालू असताना १,५०० हा आकडा गाठायचा तर नियम मोडून काम करावं लागतं, आणि तसं करणाऱ्याचा व्हिसा धोक्यात येतो. तुम्ही वडिलांच्या हातात जी रक्कम छापून दिलीत, ती सत्राच्या महिन्यांत किमान वेतनावर कायदेशीर मार्गानं मिळतच नाही. मी एकदा बसून पूर्ण वर्षाचा हिशेब केला. परवानगीचा प्रत्येक तास भरला, एकही दिवस आजारी पडले नाही, परीक्षेच्या आठवड्यातही सुट्टी घेतली नाही, तरी वर्षाला सुमारे १,४८० तास होतात आणि १२.७० च्या दरानं १८,८०० युरो. त्यातूनच भाडं, त्यातूनच जेवण. आणि ज्या उन्हाळ्यात ४० तास काम करायचं, त्याच उन्हाळ्यात मास्टर्सचा प्रबंध लिहायचा असतो. माझा ऑगस्टमध्ये द्यायचा होता.

काम पहिल्या दिवशी मिळत नाही, हे त्या कागदावर कुठंच नव्हतं. आधी इमिग्रेशनची नोंदणी करून ३०० युरो भरायचे आणि आयआरपी कार्डाची, म्हणजे राहायच्या परवान्याच्या कार्डाची, वाट बघायची. मग पीपीएस नंबर, म्हणजे इथला आपल्या पॅन-आधारसारखा क्रमांक. त्यासाठी पत्त्याचा पुरावा लागतो, आणि माझा घरमालक कागदावर माझं नाव घालायला तयार नव्हता. बँक खात्यालाही पत्ता लागतो. त्यानंतर मुलाखती. माझा पहिला पगार अकराव्या आठवड्यात झाला आणि त्यातून इमर्जन्सी टॅक्स, म्हणजे कर खात्यात नोंद पूर्ण होईपर्यंत लागणारा जादा कर, कापला गेला. तो पुढे परत मिळाला, पण तोवर दोन-अडीच महिने मी घरून आणलेल्या पैशांवर काढले होते.

आता ६०० युरोत राहणं-खाणं. इथं मी जरा जास्त लिहिणार आहे.

आमच्या विद्यापीठाच्या वसतिगृहासाठी अर्ज करायची मुदत, मी फीचा पहिला हप्ता भरला त्याआधीच संपली होती. ही मुदत मला कुणी सांगितली नाही. 'तिथं पोचल्यावर रूम सहज मिळते, आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका' एवढंच सांगितलं. मी बार्शीत बसून फेसबुकवर एक खोली शोधली. फोटो सुंदर होते, बोलणारी बाई गोड होती, करारनामाही पाठवला होता. ८०० युरो अनामत मी पाठवली. डब्लिनला उतरल्यावर दोन बॅगा ओढत त्या पत्त्यावर गेले. दार उघडणाऱ्या आजींना माझ्याबद्दल काही माहीत नव्हतं. बिचाऱ्यांनी मला आत बोलावलं, चहा दिला, आणि म्हणाल्या, या महिन्यात अशी येणारी तू तिसरी. घर त्यांचंच होतं, फोटो भलत्याच घराचे होते.

त्यानंतर अकरा रात्री मी एका बॅकपॅकर हॉस्टेलच्या आठ खाटांच्या खोलीत काढल्या, रात्रीला ४५ युरो. पासपोर्ट उशीखाली ठेवून झोपायचे आणि सकाळी तिथूनच वर्गात जायचे. आईला सांगितलं की रूम लांब आहे म्हणून व्हिडिओ कॉल होत नाही. शेवटी डब्लिनच्या लुकन या उपनगरात एका घरात जागा मिळाली. तीन मुली एका खोलीत, घरात एकूण नऊ जण, दोन संडास, प्रत्येकी ५५० युरो. वर्गाला पोचायला बसनं तासभर. आणि ही जागा मिळाली म्हणून मी देवाचे आभार मानले होते.

माझं एकटीचंच नशीब फुटकं होतं असं नाही. २००८ च्या मंदीनंतर आयर्लंडमध्ये घरबांधणी कोलमडली आणि कितीतरी वर्षं सावरली नाही. माणसं मात्र वाढत गेली. हा देश किती लहान आहे हे तुम्ही सेमिनारमध्ये कधीच सांगत नाही. २०२२ च्या जनगणनेत संपूर्ण देशाची लोकसंख्या साडेएकावन्न लाखांच्या आत होती. आपल्या एकट्या सोलापूर जिल्ह्याची २०११ मध्येच ४३ लाख होती. त्यातही साडेचौदा लाख माणसं डब्लिन काउंटीत. विद्यापीठं, कंपन्या, सरकारी कचेऱ्या बऱ्याचशा तिथंच, आणि भाड्याच्या खोलीमागे धावणारेही तिथंच. एवढ्याशा देशात दर सप्टेंबरला विमानं भरभरून मुलं उतरतात. ती रात्री कुठं झोपतील हा प्रश्न प्रवेश देणाऱ्या विद्यापीठाचा आहे तितकाच प्रवेश विकणाऱ्या तुमचाही आहे.

भाड्याच्या कायद्याबद्दलही कुणी बोलत नाही. घरमालक स्वतः राहतो त्याच घरात खोली घेतली, तर कायद्याच्या लेखी तुम्ही भाडेकरू नसता. भाडेकरूंना मिळणारं संरक्षण तुम्हाला मिळत नाही आणि मालक थोड्या मुदतीत बाहेर काढू शकतो. 'डिग्ज' नावाचा प्रकार आहे, त्यात बरेच मालक सोमवार ते शुक्रवारच राहू देतात. आयरिश मुलं शनिवार-रविवार आईकडे जातात. माझ्या वर्गातल्या सांगलीच्या मुलीनं तशी खोली घेतली होती. दर शुक्रवारी ती पिशवी भरून कुणाच्या तरी सोफ्यावर झोपायला जायची. आणि भाडेकराराच्या घरांत अनामत एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, हा २०२१ पासूनचा नियम माझ्या मैत्रिणीला कळला तो तीन महिन्यांचे पैसे देऊन झाल्यावर.

पुढची ओळ, 'दोन वर्षांचा वर्क व्हिसा'. ही ओळ तुम्ही सगळ्यांच्याच कागदावर सरसकट छापता. दोन वर्षं मिळतात ती मास्टर्ससारख्या, म्हणजे इथल्या शैक्षणिक पात्रतांच्या आराखड्यातल्या नवव्या पातळीच्या पदवीला. तीही बारा महिने, आणि नोकरीसाठी खरोखर धडपड केल्याचं दाखवलं तर आणखी बारा. आठव्या पातळीच्या अभ्यासक्रमाला एकूण बाराच महिने. धाराशिवकडचा एक मुलगा माझ्याबरोबर दुकानात काम करायचा. त्याला एका खासगी कॉलेजच्या हायर डिप्लोमाला पाठवलं होतं, 'मास्टर्ससारखंच असतं, फी कमी' असं सांगून. तो आठव्या पातळीचा होता हे त्याला इथं आल्यावर कळलं. बारा महिन्यांत नोकरी लागली नाही. तो परत गेला, कर्ज त्याच्या आधी घरी पोचलेलं होतं.

नोकरी लागली तरी पुढं राहायला परमिट लागतं. ज्याची तुम्ही जाहिरात करता त्या क्रिटिकल स्किल्स परमिटला, म्हणजे टंचाई असलेल्या कुशल कामांच्या परवान्याला, काम सरकारी यादीतलं हवं, कंपनीकडून दोन वर्षांची नोकरी हवी आणि पगार ठरावीक रकमेच्या वर हवा. २०२४ मध्ये ती मर्यादा वर्षाला ३८,००० युरो झाली. गूगल आणि मेटाची युरोपातली मुख्यालयं डब्लिनमध्ये आहेत हे खरं आहे. पण त्यांचे लोगो फ्लेक्सवर छापताना हेही सांगा, की मुलाखतीत पहिल्याच पाच मिनिटांत 'परमिट लागेल का' असं विचारतात आणि 'हो' म्हटल्यावर बऱ्याच छोट्या कंपन्या तिथंच थांबतात. माझे आजवर १४० अर्ज झालेत आणि चार मुलाखती.

आणि ते 'पाच वर्षांत पासपोर्ट'! विद्यार्थी म्हणून काढलेली वर्षं नागरिकत्वाच्या मोजणीत धरत नाहीत. पदवीनंतर नोकरी शोधण्याची वर्षंही धरत नाहीत. लग्न झालेल्या एका ताईंना 'नवरा सहा महिन्यांत येईल' असं सांगितलं होतं. मास्टर्सच्या विद्यार्थ्याला कुटुंब सोबत आणायची मुभाच नाही. हे इथल्या इमिग्रेशनच्या सरकारी वेबसाइटवर स्पष्ट लिहिलंय, आणि ती वेबसाइट वाचणं हे तुमचं रोजचं काम आहे.

माझ्या सेमिनारमध्ये एक गोष्ट फार रंगवून सांगितली गेली होती. मालवण तालुक्यातल्या वराड गावचा मुलगा आयर्लंडचा पंतप्रधान झाला! सभागृहात टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. लिओ वराडकरांचा मलाही अभिमान आहे. पण त्यांचे वडील डॉक्टर होते, ते स्वतः डब्लिनमध्ये जन्मले, तिथंच वाढले आणि शिकले. कर्ज काढून स्टॅम्प २ वर येणाऱ्या मुलाला त्यांचं उदाहरण देऊन काय कळणार? त्या पाच मिनिटांत पीपीएस नंबर कसा काढायचा हे सांगितलं असतं तर माझे दोन आठवडे वाचले असते.

यानंतरची गोष्ट कागदावर नव्हतीच. तुमचा सल्ला 'मोफत' असतो, कारण मुलानं प्रवेश घेतला की त्याच्या फीतून विद्यापीठ तुम्हाला कमिशन देतं. यात बेकायदा काही नाही, आणि कष्टाचा मोबदला घेऊ नका असं मी म्हणत नाही. यार्डातला आडत्याही आडत घेतोच. पण ती त्याच्या पट्टीवर लिहिलेली असते. शेतकऱ्याला दिसतं की आपल्या मालातून किती गेले आणि कुणाला गेले. मला तुम्ही चार कॉलेजांची यादी दिलीत, तेव्हा या चौघांशीच तुमचा करार आहे आणि बाकीच्यांशी नाही, हे सांगितलं नाहीत. इथल्या दुसऱ्या एका विद्यापीठात माझ्या विषयाची शिष्यवृत्ती होती. तिची मुदत संपल्यावर ती मला कळली.

शेवटची तक्रार फोनची आहे. व्हिसा हातात येईपर्यंत तुमच्या कार्यालयातून दिवसातून तीन फोन यायचे. विमानात बसल्यावर ते थांबले. हॉस्टेलमधून मी केलेले सात कॉल कुणी उचलले नाहीत. या वर्षी जुलैमध्ये डब्लिनजवळ टॅलाटमध्ये एका भारतीय माणसाला जमावानं मारहाण केली. त्यानंतर आणखी हल्ले झाले, आणि १ ऑगस्टला इथल्या भारतीय दूतावासानं सूचना काढली की अवेळी निर्मनुष्य भागात जाऊ नका. माझी पाळी तेव्हा रात्री अकराला संपायची. बसस्टॉपवर मी पाठ भिंतीला लावून उभी राहायचे. त्या आठवड्यात माझ्या दुकानाच्या मॅनेजरनं स्वतःहून माझी पाळी सकाळची केली, शेजारच्या आयरिश बाईंनी आपला नंबर लिहून दिला. टॅलाटचे स्थानिक लोकही त्या माणसाच्या बाजूनं रस्त्यावर उतरले होते. घरून आई रोज रडत होती. ज्यांनी मला इथं पाठवलं त्यांच्याकडून 'सुखरूप आहेस ना' एवढा एक मेसेज आला नाही. आला तो सप्टेंबरमध्ये, प्लेसमेंट विचारणारा.

आयर्लंडवर माझा राग नाही. इथं मला शिकवणारे प्राध्यापक नावानं हाक मारू देतात आणि शंका विचारायला आलेल्या मुलाला दारातून परत पाठवत नाहीत. ग्रंथालयात मी रात्री दहापर्यंत बसले, विद्यार्थी कार्डावर एक युरोत बसनं फिरले, खूप शिकले. खरा हिशेब समोर असता तरी कदाचित मी आलेच असते. पण एक वर्ष थांबून आले असते, वसतिगृहाचा अर्ज वेळेत केला असता, शिष्यवृत्तीची वाट पाहिली असती आणि कर्ज कमी काढलं असतं. निवड माझी आणि माझ्या घरच्यांची राहिली असती. ती तुम्ही आमच्या हातून काढून घेतलीत.

नोकरीसाठी माणसं परदेशी पाठवणाऱ्या एजंटांना १९८३ च्या कायद्यानं केंद्र सरकारकडे नोंदणी करावी लागते. तो कायदा विद्यार्थी पाठवणाऱ्यांना लागू होत नाही. सरकारनं यावर काय करावं हे सरकारला वेगळं लिहीन. पण कायद्याची वाट न बघता तुम्हाला आज करता येण्यासारखं बरंच आहे, आणि माझ्या मागण्या तेवढ्याच आहेत.

एक. स्टँडसमोरचा माझा फ्लेक्स रविवारच्या सेमिनारच्या आत उतरवा. कुणाही विद्यार्थ्याचा फोटो, नाव किंवा नोकरी त्याच्या लेखी परवानगीशिवाय जाहिरातीत वापरू नका. व्हिसासाठी दिलेले फोटो आणि कागद व्हिसापुरतेच वापरा.

दोन. सही घेण्याआधी पालकांना मराठीत, तुमच्या शिक्क्यासह, खर्चाचा कागद द्या. त्यात त्या महिन्यातलं खरं भाडं असू द्या. पहिल्या तीन महिन्यांचं उत्पन्न शून्य धरा. त्यानंतरचं २० तासांच्या आत धरा. युरोचा दर चढू शकतो हेही लिहा. मी आले तेव्हा तो ९३ रुपयांच्या आसपास होता, आता शंभराच्या पुढे आहे. कर्जाचा हप्ताही त्याच कागदावर असू द्या. तीस लाखांना साडेअकरा टक्क्यांनी दहा वर्षं म्हणजे महिना ४२ हजार, हे पालकांना त्याच टेबलावर कळलं पाहिजे.

तीन. अभ्यासक्रम कुठल्या पातळीचा, त्यानंतर राहायला किती महिने मिळतात आणि तो सरकारच्या पात्र अभ्यासक्रमांच्या यादीत आहे की नाही, हे लिहून द्या.

चार. कुठल्या कॉलेजांकडून तुम्हाला कमिशन मिळतं ते सांगा.

पाच. वसतिगृहाच्या मुदती प्रवेशाच्या पहिल्या भेटीत सांगा. खोली प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय, किंवा विश्वासातल्या माणसानं पाहिल्याशिवाय कुणालाही अनामत पाठवू नका, असं प्रत्येक मुलाला बजावा. राहायची पहिल्या महिन्याची सोय झाल्याशिवाय कुणाला विमानात बसवू नका.

सहा. पहिले तीन महिने मुलांचा फोन उचलेल असा एक माणूस नेमा. ज्या मुलीच्या प्रवेशावर तुमचं कार्यालय चालतं, तिचा कॉल रात्री एक वाजता आला तरी कुणीतरी उचलला पाहिजे.

ज्या महाविद्यालयांचे प्राचार्य या सेमिनारना आपलं सभागृह देतात, त्यांनाही विनंती आहे. सभागृह द्या, पण मंचावर परत आलेल्या, नोकरी न लागलेल्या एकालाही बसवा. रविवारी मला व्हिडिओ कॉलवर दहा मिनिटं मिळाली तर मी तयार आहे. इथं तेव्हा सकाळ असेल, मी सुट्टी टाकलेली आहे. 'जाऊ नका' असं मी कुणालाही सांगणार नाही. विचारतील त्याचं खरं उत्तर देईन.

आमच्या गल्लीतल्या त्या मुलाचे कागद अजून बँकेत गेलेले नाहीत. त्याला नवा कागद आधी द्या.

माझा स्वतःचा पहिल्या बारा महिन्यांचा हिशेब मी वडिलांना पाठवलाय. फी सोडून झालेला खर्च १२,५०० युरो, त्यात ते बुडालेले ८०० आणि हॉस्टेलच्या अकरा रात्रीही आल्या. हातात आलेला पगार ९,१००. तूट ३,४००. फीसाठी एक युरोही उरला नाही. वडिलांनी तो सगळा हिशेब वहीच्या पानावर त्यांच्या स्वच्छ अक्षरात उतरवून घेतला आणि त्याच्या वीस झेरॉक्स काढून दुकानात ठेवल्यात. जे पालक माझ्याबद्दल विचारायला येतात त्यांना ते एकेक प्रत देतात. तुमच्यासाठीही एक बाजूला काढून ठेवायला मी त्यांना सांगितलंय.

कळावे,

तुमच्या फ्लेक्सवरची मुलगी